बिनफुलाचे ढग

पाचशे एकोणीस ढग गेले कुठे, हा प्रश्न नोल्फा आयाविरेला पडला तेव्हा तिच्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात डॉक्टर लिरांचा निबंध. वेधशाळेच्या खानावळीत गुरुवारच्या जेवणाची गर्दी होती. समोरच्या वाडग्यातला बटाटा-मक्याचा रस्सा निवून त्यावर चरबी गोठायला लागली होती. तिने तिसरं पान पुन्हा वाचलं. 'तेरा क्रमांकाच्या दीर्घिकेत एकूण तीनशे चार ढग आढळले.' तीनशे चार! तिने आठशे तेवीस दिले होते. चौदा महिने पडद्यासमोर बसून, एकेका ढगाची कड हाताने आखून दिले होते.

"वाल्दो, हे बघ," तिने निबंध टेबलापलीकडे ढकलला.

वाल्दो वर पठारावरच्या दुर्बिणी चालवायचा. फेब्रुवारीत तिथे बर्फ आणि विजांचा धिंगाणा असतो, म्हणून दुर्बिणी महिनाभर झोपलेल्या, आणि वाल्दो खानावळीत ठाण मांडून बसलेला. त्याने पान पाहिलं, पाव मोडला.

"छपाईची चूक असेल."

"छापलंय कुठे अजून? शनिवारी सान पेद्रोत जाहीर करणार आहेत. मंत्री येणार आहे म्हणे."

"मग काय! मंत्र्याला तीनशे रग्गड झाले. त्याच्याच्याने एवढे तरी मोजून होणार आहेत का?"

एरवी नोल्फा हसली असती. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिचं काम असं काही अगम्य नव्हतं. आईला ती दोन वाक्यांत सांगायची. तारे जन्माला येतात ते थंड, काळ्या वायूच्या ढगांत. ढग जमतो, घट्ट होतो, त्याच्या पोटात तारे पेटतात, आणि मग हेच तारे त्या ढगाची दाणादाण उडवून देतात. लेकरं दांडगी झाली की आईचं घर उधळतात तसं. पण हे सगळं व्हायला कोटी-दोन कोटी वर्षं लागतात. तेवढं थांबणार कोण? म्हणून एकाच ढगाकडे बघत न बसता एका दीर्घिकेतले शेकडो ढग एकदाच बघायचे. आपण लामांच्या वाडग्यात, त्या दगडी कुंपणात डोकावतो तसे. किती पिल्लं, किती गाभण, किती थकलेल्या, यावरून लामाचं आयुष्य कसं जातं ते कळतं. ज्या अवस्थेत जास्त दिसतात, त्या अवस्थेत ती जास्त काळ राहत असतात. "एवढंच ना?" आई म्हणाली होती. "त्यासाठी एवढ्या मोठ्या दुर्बिणी?"

आठशे तेवीसपैकी पाचशे एकोणीस ढगांत अजून एकही तारा पेटलेला नव्हता. याचा अर्थ सरळ होता. ढगाचं बहुतेक आयुष्य अंधारात, काहीही न दाखवता, वाट पाहण्यात जातं. ही नोल्फाची सगळी कमाई होती. आणि डॉक्टर लिरांच्या निबंधात नेमके हेच पाचशे एकोणीस गायब होते. जे ताऱ्यांसकट होते तेवढेच उरले होते, आणि त्यावरून डॉक्टरांनी ठोकून दिलं होतं की ढग जन्मतो तोच तारे कडेवर घेऊन. दिवसाढवळ्या उफराटा निष्कर्ष!

शेवटच्या पानावर आभार होते. 'आखणीत मदत केल्याबद्दल स्थानिक तंत्रज्ञ नोल्फा हिचे.' तिच्या भौतिकशास्त्राच्या पदवीचं नाव नाही, आडनावसुद्धा नाही. घरकामाच्या बाईला हाक मारावी तसं नुसतं नाव.

"आधी जेव तरी," वाल्दो म्हणाला.

"तूच जेव," म्हणत तिने रश्श्याचं वाडगं त्याच्यापुढे सारलं आणि उठली.

डॉक्टर रेनातो लिरा सांतियागोचे. महिन्यातून आठ दिवस इथे, बाकीचे दिवस राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. माणूस हुशार होता, यात वाद नाही. नोल्फाने त्यांची व्याख्यानं विद्यार्थिदशेत तोंड उघडं ठेवून ऐकली होती. म्हणून तर जास्त संताप येत होता. मठ्ठ माणसाने असं केलं असतं तर तिने खांदे उडवले असते.

"ये, ये, नोल्फिता!" डॉक्टर खुर्चीतून न उठता म्हणाले. हे लाडाचं 'नोल्फिता' तिला पाच वर्षं खुपत होतं. छत्तिसाव्या वर्षी कुणी आपल्याला बाहुलीसारखी हाक मारावी, आणि आपण त्याला 'तुम्ही, डॉक्टर' म्हणावं! "वाचलास ना निबंध? कसा वाटला?"

"पाचशे एकोणीस ढग कमी आहेत त्यात."

"ते काढले मी."

"काढले?"

"तूच तर लिहिलं होतंस काढायला." डॉक्टरांनी पडद्यावर तिचा तक्ता उघडला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. ओळीमागून ओळ दोन अक्षरं होती. एस. एफ. एस. एफ. एस. एफ. "सेन्याल फाल्सा. खोटा संकेत. जिथे तुला खरा ढग वाटला नाही, तिथे तू खूण केलीस. चांगलं काम केलंस, खरं सांगतो. अशा अंधुक ठिपक्यांत निम्मे खोटेच निघतात."

नोल्फाला आधी काही कळेचना. मग एकदम कळलं, आणि कानशिलं तापली.

"सेन्याल फाल्सा नाही ते," ती म्हणाली. "सिन फ्लोर."

"काय?"

"सिन फ्लोर. बिनफुलाचे."

तिच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. फेब्रुवारीत कळपाला फुलं चढवतात. लाल-पिवळ्या-हिरव्या लोकरीचे गोंडे लामांच्या कानांत ओवतात. ज्या पिल्लांचा हा पहिला सण अजून व्हायचा असतो, ती बिनफुलाची. कळप मोजताना म्हातारीकोतारीसुद्धा तसंच म्हणतात: इतकी फुलाची, इतकी बिनफुलाची. ज्या ढगांत तारे पेटलेत ते फुलाचे, ज्यांत पेटायचेत ते बिनफुलाचे. तक्ता भरताना नोल्फाच्या बोटांनी ती दोन अक्षरं परस्पर लिहिली होती. ती कुणाला समजावून सांगावी लागतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टर लिरा हसले. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"लामाच्या कानातली फुलं! अगं, शास्त्राच्या तक्त्यात असं लिहितात का कुणी?"

"आठ महिने तक्ता तुमच्याकडे आहे, डॉक्टर. एकदा तरी विचारायचं होतंत, की बाई, हे काय लिहिलंयस."

"जे उघड दिसतंय ते कशाला विचारायचं?"

"आठशेतले पाचशे काढून टाकताना? माझी खोली तुमच्या खोलीपासून वीस पावलांवर आहे!"

"आवाज खाली." त्यांचं हसू मावळलं. "हे बघ, शनिवारचा कार्यक्रम ठरलाय. मंत्री येतायत, परदेशी मंडळी विमानात बसलीयेत. आता काही बदलणार नाही. वर्षभराने एक दुरुस्तीची टीप देऊ. तंत्रज्ञाच्या नोंदपद्धतीतल्या संदिग्धतेमुळे गोंधळ झाला, असं लिहू. कुणाचं काही बिघडत नाही."

"तंत्रज्ञाच्या."

"मग नोंद कुणाची होती, माझी?" डॉक्टर जरा थांबले आणि मऊ आवाजात म्हणाले, "मार्चमध्ये तुझा करार संपतोय ना? मी चांगलं लिहिणार आहे तुझ्याबद्दल. नसती डोकेदुखी वाढवू नकोस."

नोल्फा बाहेर पडली. वीस पावलं तिने मोजली. खरं म्हणजे एकोणीसच निघाली.

शुक्रवारी ती आपल्या गावी, कामारला गेली. सणाला सुट्टी काढलीच होती. आई, डोन्या सुनिल्दा, पहाटेपासून वाडग्यात. साठ लामा, दगडी कुंपण, जमिनीवर अंथरलेलं विणीचं कापड, त्यावर नैवेद्याची कोकाची पानं, आणि लोकरीच्या गोंड्यांनी भरलेली परडी. शेजारीपाजारी जमले होते. भूमातेला पहिला घोट सांडून झाला होता, गाणी सुरू झाली होती. नोल्फा बाह्या सरसावून कामाला लागली. लामाची मान काखेत धरायची, दाभणाने कान टोचायचा, गोंडा ओवून गाठ मारायची.

"कान आहे तो, गोणपाट नाही," आई म्हणाली. "कुणाचा राग काढतेयस त्या मुक्या जनावरावर?"

नोल्फाने सगळं सांगितलं. गोंडे ओवता ओवता, दातओठ खात सांगितलं. तिला वाटलं, आई डॉक्टरच्या नावाने बोटं मोडेल. आई मात्र तिच्यावरच उखडली.

"आणि तू त्या सांतियागोच्या माणसाला 'बिनफुलाचे' असं लिहून दिलंस? तेही नुसती दोन अक्षरं? त्याला काय स्वप्न पडणार होतं?"

"त्याने विचारायला नको?"

"त्याने विचारायला पाहिजे होतं. तूही सांगायला पाहिजे होतंस. त्याचं नाक वर, तुझं तोंड बंद. छान जोडी जमली!"

हे लागलं, कारण खरं होतं. पाच वर्षं डॉक्टरांनी तिला काही विचारलं नव्हतं, आणि पाच वर्षं तिनेही मनात म्हटलं होतं की यांना काय कळतंय, कशाला सांगा. त्या दोन अक्षरांत तिचा थोडा तोराही होता. आपलं आपल्यापाशी. डॉक्टरांवरच्या रागात आता स्वतःवरचा राग मिसळला आणि तो दुप्पट झाला.

एवढ्यात कुंपणापाशी बसलेल्या साबिनोकाकांनी ऐकलेलं मोठ्याने सगळ्यांना पोचवलं. हे गावातले सगळ्यांत वडीलधारे, आणि सगळ्यांत थट्टेखोर.

"अरे, फुलसाहेबाचा भाऊ सापडला वाटतं पोरीला!"

सगळं वाडगं खो खो हसलं. फुलसाहेबाची गोष्ट कामारमधलं शेंबडं पोरही सांगतं. नोल्फा नऊ वर्षांची होती तेव्हा मोठा दुष्काळ पडला. शहरातून एक अधिकारी जनावरं मोजायला आला. त्याला कुणीतरी सांगितलं की गोंड्यावरून मालक ओळखतात. पठ्ठ्याने दुर्बीण लावून रस्त्यावरूनच गोंडेवाली जनावरं तेवढी मोजली, कागदावर सही ठोकली आणि गेला. बिनफुलाची पिल्लं त्याच्या लेखी कुणाचीच नव्हती. आजही लग्नात, बारशात, कुणी हॅट उलटी घालून फुलसाहेबाची नक्कल करतं आणि लोक पोट धरून हसतात.

आताही साबिनोकाकांनी मुठीची दुर्बीण करून डोळ्याला लावली. नोल्फाही हसायच्या बेतात होती. तिचं लक्ष आईकडे गेलं. आई हसत नव्हती.

"चारा किती आला होता, काका?" आईने विचारलं.

"आता ते कशाला, सुनिल्दा?"

"सांगा ना. लसूणघासाच्या पेंढ्या त्याच्या कागदाप्रमाणे आल्या. फुलाच्या जनावरांपुरत्या. मोठ्यांनी रेटून खाल्ला, पिल्लांच्या तोंडाला काही लागलं नाही. माझी अकरा गेली. तुमची किती गेली?"

साबिनोकाकांनी मुठीची दुर्बीण खाली केली. "सतरा," ते म्हणाले.

"अकरा पिल्लं मी या हातांनी ओढत नेली ओढ्याकडे. आणि पुढच्या सणाला आपण त्याची नक्कल करून हसलो. मीसुद्धा हसले. शहरात जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटायला कुणी गेलं नाही. का, तर लाज वाटली. रीत आपली, त्याला समजली नाही, म्हणजे चूक आपलीच असं वाटलं. सत्तावीस वर्षं हसतोय!" आईने गाठ इतक्या जोरात ओढली की लामाने मान झटकली. "मला नाही येत आता हसू."

लामांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. ही गोष्ट नोल्फाने शंभरदा ऐकली होती, पण पेंढ्यांचा आणि पिल्लांचा भाग तिने आज पहिल्यांदा ऐकला. तिने परडीतला पुढचा गोंडा उचलला, आणि शनिवारी काय करायचं ते तिचं ठरून गेलं.

सान पेद्रोच्या नगरपालिकेचं सभागृह सकाळी अकरालाच भरलं होतं. पुढच्या रांगेत मंत्री आणि परदेशी शास्त्रज्ञ, मागे बसने आणलेले गावोगावचे लोक, पारंपरिक हॅट-पोंचो घालून. हॅट-पोंचो घालून यावं अशी निमंत्रणातच विनंती होती. फोटो चांगले येतात. डोन्या सुनिल्दा आणि साबिनोकाका आठव्या रांगेत. नोल्फा भिंतीला टेकून उभी. शेजारी वाल्दो, इस्त्रीच्या शर्टात ओळखू न येणारा.

"काही वेडंवाकडं करणार नाहीयेस ना?" त्याने कानाशी विचारलं.

"वेडंवाकडं करून झालंय त्यांचं. मी सरळ करणार आहे."

"मार्च जवळ आलाय, नोल्फा."

"माहितीये."

डॉक्टर लिरा बोलायला उभे राहिले. बोलायचे छानच. पहिलंच चित्र आकाशगंगेचं होतं, आणि तिच्या मधल्या काळ्या डागांवर पांढऱ्या रेषेने आखलेली लामा.

"आपल्या पूर्वजांनी," डॉक्टर हात पसरून म्हणाले, "ताऱ्यांमध्ये नाही, तर ताऱ्यांमधल्या अंधारात आकृती पाहिली. ही लामा म्हणजे काळे ढग. तेच ढग, ज्यांचा आम्ही अभ्यास करतो."

मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोल्फाच्या मुठी वळल्या. आपल्या पूर्वजांनी! काळ्या ढगांची लामा चित्रात मिरवायला हवी होती, आणि खरेखुरे काळे ढग, एक नाही, दोन नाही, पाचशे एकोणीस, या माणसाने केरात टाकले होते. तिला इतका संताप आला की पुढची पाच मिनिटं कानात नुसतं घोंघावत होतं. 'तीनशे चार' हे शब्द आले तेव्हाच ती भानावर आली. मग 'ढग जन्मतो तोच तारे घेऊन' आलं. मग टाळ्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "काही प्रश्न?"

नोल्फा भिंतीपासून सुटली आणि मधल्या वाटेत येऊन उभी राहिली.

"मी नोल्फा आयाविरे. कामारची. हे ढग मी आखलेत."

"आमची नोल्फिता," डॉक्टर मंत्र्याकडे वळून हसत म्हणाले. "फार मदत असते तिची. बाळ, आपण नंतर बोलू या."

"नंतर नाही, डॉक्टर, आत्ता. ढग तीनशे चार नाहीत, आठशे तेवीस आहेत. पाचशे एकोणीस काढून टाकलेत. त्यांच्यापुढे मी दोन अक्षरं लिहिली होती, एस. एफ. डॉक्टरांनी ती सेन्याल फाल्सा अशी वाचली, खोटा संकेत. मी लिहिलं होतं सिन फ्लोर."

आणि मग मागच्या वीस रांगा फुटल्या. हसण्याची लाटच आली. कामार, तालाब्रे, सोकाइरे, सगळ्या गावांचे लोक मांड्या थोपटत होते. "बिनफुलाची खोटी!" "अरे, पिल्लांना खोटं म्हणाला!" "फुलसाहेब परत आला रे!" पुढच्या रांगेतले परदेशी गोंधळून मागे बघत होते. डॉक्टर लिरांनी लोकांचं हसू पाहिलं, जरा थांबले, आणि स्वतःही हसायला लागले. सुटल्यासारखे हसले. गंमत म्हणून गेली की गेली.

"हसू नका!"

नोल्फा डॉक्टरांवर ओरडली नव्हती, मागे वळून आपल्याच माणसांवर ओरडली होती. आवाज चिरकला, पण पोचला.

"हसू नका म्हणते! मागच्या वेळी हसलो, ते अठ्ठावीस पिल्लं मेल्यावर. माझ्या आईची अकरा आणि साबिनोकाकांची सतरा, आणि बाकीच्यांची कुणी मोजलीसुद्धा नाहीत. तुम्ही हसलात की हे सुटले. बघा, हसतायत ते पण!"

हसू जसं आलं तसं ओसरलं. डॉक्टर लिरांचं सगळ्यांत शेवटी थांबलं, म्हणून सगळ्यांना दिसलं.

"नोंद मी केली," नोल्फा आता त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आणि तिचा अर्थ लिहिला नाही. ती चूक माझी. इथे, सगळ्यांसमोर कबूल करते. पण आठ महिने न विचारणं तुमचं. आणि गुरुवारपासून, खरं काय ते कळल्यावरसुद्धा, आज इथे उभं राहून खोटं सांगणं हेही तुमचंच."

पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईने दुभाष्याला काहीतरी विचारलं, त्याने सांगितलं, आणि तिने चष्मा काढून डॉक्टरांकडे बघितलं. "हे खरं आहे?" तिने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. "गुरुवारी तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टर लिरांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. तेवढ्यात आठव्या रांगेत साबिनोकाका उठले. हॅट छातीशी धरलेली.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता, "एक विचारू का? तुम्ही एवढे शिकलेले. ही पोरगी तुमच्याच आवारात. मग विचारलं का नाहीत?"

सगळं सभागृह उत्तराची वाट बघत होतं. मंत्रीसुद्धा. लामा डॉक्टरांच्या डोक्यामागे पडद्यावर तशीच उभी होती.

"तक्ता... पुन्हा तपासावा लागेल," ते शेवटी म्हणाले. आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुम्ही म्हणताय तसं असेल, सेन्योरा आयाविरे, तर पुन्हा तपासावा लागेल."

पाच वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'. नोल्फाला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. काही वाटलं नाही. वाल्दोने दंड धरून तिला बाहेर, झाडाच्या सावलीत नेलं.

"गेली तुझी नोकरी," तो म्हणाला.

"गेली तर गेली."

"मला रडू येतंय आणि तू म्हणतेस गेली तर गेली! आता खानावळीत माझं बोलणं ऐकणार कोण?"

नोकरी गेलीच. मार्चमध्ये दोन ओळींचं पत्र आलं, 'निधीअभावी' वगैरे. नोल्फाने ते वाचून आईच्या चुलीत घातलं आणि आंतोफागास्ताच्या विद्यापीठात अर्ज केला. उत्तर येईपर्यंत ती कळपामागे हिंडली. राग काही उतरला नाही. उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती.

सप्टेंबरात वाल्दो गाडी घेऊन कामारला आला. हातात छापील निबंध होता. सुधारलेला. नोल्फाने वाडग्याच्या कुंपणावर बसूनच उघडला. आठशे तेवीस ढग. तक्त्यात तिचा शेवटचा रकाना जसाच्या तसा होता, आणि खाली बारीक अक्षरांत टीप: 'एस. एफ.: सिन फ्लोर, तारे अद्याप पेटलेले नाहीत.' निष्कर्ष बदललेला होता. ढगाचं बहुतेक आयुष्य अंधारात जातं, असं स्वच्छ लिहिलं होतं. पाचशे एकोणीसच्या पाचशे एकोणीस जागेवर होते. तिने बोट फिरवून एकेक ओळ पाहिली. वाल्दो खाली उभा राहून उगाच दगडांना लाथा मारत होता.

"सगळी आली?" आईने लांबून, लामांच्या पाठींवरून विचारलं.

"सगळी आली, आई."

मग तिने पान उलटून निबंधकारांची नावं पाहिली. दुसरं नाव तिचं होतं. आभारांतून उचलून थेट दुसरं. एन. आयाविरी.

आयाविरी.

"काय झालं?" वाल्दो म्हणाला. "तोंड का असं केलंस? दुसरं नाव आहे, बाई! अख्ख्या जगात वाचतील!"

"आडनाव चुकवलंय."

"एका अक्षराचं काय एवढं? जाऊ दे ना."

"का जाऊ दे?"

ती कुंपणावरून उतरली, घरात गेली आणि कागद घेऊन चुलीशेजारच्या टेबलावर बसली. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पत्र छोटंसंच होतं. 'डॉक्टर लिरा, माझं आडनाव आयाविरे. शेवटी ए. माहीत नव्हतं, तर विचारायचं होतंत.'